काळी एकचा पंखा

नागपुरात मे महिन्यात संगणकाच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार करत नाही. खिडकीतला कूलर सकाळी जो घुमायला लागतो तो रात्री उशिरापर्यंत. त्याच्या घरघरीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, फोन आला तर उठून आतल्या खोलीत जावं लागतं, आणि टेबलाखालच्या काळ्या कॅबिनेटमध्ये चार पंखे जीव तोडून फिरताहेत याचा पत्ता शेजारी बसलेल्यालाही नसतो. मग नवतपा, म्हणजे ऐन कडक उन्हाचे दिवस, सरतो. पावसाच्या दोन-चार सरी येऊन जातात, हवा अशी दमट होते की कूलर नुसतं ओलं वारं अंगावर फेकतो, आणि वैतागून कोणीतरी त्याचं बटण बंद करतं. त्या क्षणी आमच्या घरात संगणक ऐकू येऊ लागतो.

म्हणून माझ्या लेखी त्याला शांत करण्याचा ऋतू पावसाळा. उन्हाळ्यात तो गार ठेवायचा, पावसाळ्यात गप्प. थंडीत दोन्ही आपोआप होतं. तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

हा पीसी मी स्वतः जोडला. सुटे भाग मुंबईहून आणले, लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. विदर्भ एक्सप्रेसमध्ये कॅबिनेट बर्थखाली मावेना, तेव्हा ते पायाशी उभं करून आणलं. समोरच्या आजोबांनी बडनेऱ्यापर्यंत धीर धरला; मग त्यात काय आहे ते विचारलंच. ‘रिकामं आहे’ हे उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही. तयार पीसी घेतला की कोणता पंखा किती जोरात फिरणार हे कंपनीतल्या कोणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. स्वतः जोडलेल्या पीसीचा प्रत्येक आवाज मात्र आपल्याच पसंतीचा, आणि तो पुसायला दुसरं कोणी नाही.

संगणक तापतो कारण त्याला दुसरा इलाज नाही. आत गेलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. त्या विजेवर तुम्ही हिशेब केलेत की सिनेमा पाहिलात, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. माझ्या प्रोसेसरच्या पोटात सिलिकॉनचा जो मुख्य तुकडा आहे तो जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. काम पडलं की त्यातून ५०-६० वॉट बाहेर पडतात. घरातली इस्त्री हजार वॉटची असली तरी तिचा तळ तळहाताहून मोठा. जागेच्या मानाने हिशेब केला तर हे नख इस्त्रीच्या दहापटीहून जास्त तापण्याच्या लायकीचं आहे. ती उष्णता तिथून तातडीने हलवायची आणि कुठेतरी नेऊन सोडायची, एवढंच काम. ती नाहीशी करता येत नाही. कॅबिनेटमधून खोलीत, खोलीतून गल्लीत. आपण फक्त पुढच्याकडे ढकलतो.

आणि इथेच नागपूर आडवं येतं. हवेने गार होणारा कुठलाही प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली एक अंशाने तापली की तोही साधारण एक अंशाने वर. युरोपातल्या कोणी बंद खोलीत २० अंशाला मोजून ‘६० अंश, उत्तम’ असं लिहिलेलं असतं. तेच सामान आमच्याकडे ४४ अंशांच्या दुपारी त्याच कामाला ८४ दाखवणार. नव्वदीच्या पुढे बहुतेक प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवायला लागतात. म्हणजे उन्हाळ्यात माझ्या पीसीचा खरा हीटसिंक खिडकीतला तो कूलर. कोरड्या हवेत तो खोली तिशीपर्यंत आणतो आणि प्रोसेसरचे बारा-चौदा अंश फुकटात वाचवतो. कॅबिनेटमधल्या कुठल्याही महागड्या पंख्याला हे जमलेलं नाही.

कूलरच्या आधी आमच्या घरी वाळ्याच्या ताट्या होत्या. दुपारी बारानंतर त्यांच्यावर पाणी मारायचं काम मुलांचं. लू ताटीतून आत येताना पाणी उडायचं, उडताना उष्णता घेऊन जायचं, आणि खोलीत वास भरून राहायचा. पुढे प्रोसेसरवर बसवायचा हीटसिंक हातात घेतला तेव्हा त्यातल्या तांब्याच्या सहा नळ्यांत तोच व्यवहार चालतो हे कळलं आणि मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हीट पाइप म्हणतात अशा नळीला. नळीतली हवा काढून घेतलेली असते आणि आत चमचाभरही नाही इतकं पाणी. दाब इतका कमी की ते पाणी कोमट असतानाच उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ हीटसिंकच्या पत्र्यांच्या टोकाला धावते, तिथे पाणी होऊन नळीच्या आतल्या तांब्याच्या भुकटीच्या अस्तरातून पुन्हा परत झिरपते. शंभर वॉट वाहून न्यायचे तर मिनिटाला साधारण अडीच ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. तेच थेंब पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून हे उरकतात. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हरने ही नळी बनवली ती अंतराळातल्या यंत्रांसाठी. तिला मोटर नाही, पातं नाही, त्यामुळे आवाजही नाही. सगळ्या कॅबिनेटमध्ये मला सर्वांत आवडणारी वस्तू हीच.

प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये पेस्ट लावायची असते. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात आणि खळग्यांत हवा. तांबं हवेच्या सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहतं, म्हणून ती हवा हुसकायची. मटारच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवायचा, हीटसिंक सरळ वरून टेकवायचा, आणि चारही स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळत जायचे. पेस्ट स्वतःच पसरते. काहीजण ती पावावर लोणी लावावं तशी थापतात, थापू देत.

आता पंखे. सीताबर्डीतल्या दुकानात मी मंद फिरणारा, मोठा पंखा मागितला तेव्हा काउंटरवरच्या भाऊने मला नीट पाहून घेतलं. “काऊन जी? लोक जोरात फिरनारा मागतात. लाइटवाला देऊ का?” लाइटवाला नको म्हटल्यावर त्याची उरलीसुरली आशा मावळली. पण हिशेब माझ्या बाजूचा होता. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनी उतरतो, आणि कानाला तो निम्म्याहूनही कमी वाटतो. म्हणून एक लहान पंखा धापा टाकत फिरवण्याऐवजी दोन मोठे रमतगमत फिरवावेत. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ कंपनी २००५पासून बहुधा याच एका गोष्टीवर पोट भरते आहे. तिचे पंखे तपकिरी आणि पिवळट, रंगसंगती एखाद्या जुन्या सरकारी विश्रामगृहातली. पण १२० मिलिमीटरचा त्यांचा एक नावाजलेला पंखा मिनिटाला २,००० फेरे घेताना कंपनीच्या मोजणीत २२.६ डेसिबलच बोलतो. पंखाच नको असंही लोकांनी करून पाहिलं आहे. स्टीव्ह जॉब्सच्या आग्रहाखातर १९८०चा अ‍ॅपल थ्री बिनपंख्याचा काढला गेला आणि तापण्याच्या तक्रारींनी गाजला. हवेने चुपचाप वर जावं यासाठी जागा लागते, आणि टेबलावरच्या डब्यात ती नसते.

हे सगळं करूनही पावसाळ्यात माझा पीसी काकांना खटकलाच. काका संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची पट्टी काळी एक. सकाळी ते पुढच्या खोलीत तंबोरा लावतात आणि मी मधल्या खोलीत कामाला बसतो, दार उघडंच असतं. तंबोरा लावता लावता ते थांबले. “तुझं खोकं सूर धरून राहिलं रे. पण जरा चढं धरलं त्यानं.”

मला आधी थट्टा वाटली. मग कागद घेतला. कॅबिनेटच्या तोंडाशी सात पात्यांचा पंखा, मिनिटाला १,२०० फेरे. प्रत्येक पातं जाळीच्या पट्टीजवळून जाताना हवेला एक धक्का देतं. सेकंदाला वीस फेरे, प्रत्येकी सात धक्के: १४०. काळी एकच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा लागतात त्या १३८.६ला. काका बरोबर होते, पंखा केसभर चढाच होता. आणि तेवढा केसभर फरक सगळ्यांत वाईट, कारण दोन सूर एकमेकांना खेटले की सेकंदाला एक-दीड वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोरा लावणाऱ्याची या लहरीशी जन्माची ओळख असते: तारा जवळ येतात तशी ती मंदावते, जुळल्या की विरते. माझ्या दोन पंख्यांमध्येही आपसात हेच चाललं होतं. एक १,२००, दुसरा १,२१५; कागदोपत्री जुळे, प्रत्यक्षात रात्रभर ‘व्वूं… व्वूं…’.

“उतरव थोडा,” काका म्हणाले. हिशेबाने १,१८८ फेऱ्यांवर तो काळी एकला तंतोतंत लागायला हवा. सेटिंगमध्ये जाऊन मी तो तिथे आणला. पण पंखा म्हणजे तार नव्हे, दहा-पंधरा फेरे इकडेतिकडे होतातच. काकांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. “राहू दे. याचा रियाज कमी आहे.”

तंबोऱ्यात जोडी जवळ आणायची असते. पंख्यांच्या बाबतीत ती फोडावी लागली. एक ७०० फेऱ्यांवर ठेवला, दुसरा ८५०वर. सूर ८२ आणि ९९, दोघांतलं अंतर इतकं की लहर उठतच नाही, आणि दोन्ही इतके खाली व मंद की गाणाऱ्याच्या वाटेला जात नाहीत. तोंडाशी पत्र्याची छिद्रांची जाळी होती ती कापून टाकली. पातं पत्र्याच्या जितकं जवळ, तितका तो सूर टोकदार होतो.

हवा कमी केली म्हणजे उष्णताही कमी मागायला हवी. प्रोसेसरला कारखान्यातून थोडं जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं, म्हणजे हजारोंत एखादा अशक्त निघाला तरी तो चालावा. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. १.२चं १.०५ केलं तर त्याच वेगाला जवळजवळ पाव भाग उष्णता कमी. पैसा लागत नाही, धीर लागतो: एक पायरी उतरायचं, रात्रभर राबवून बघायचं, टिकला तर आणखी एक. ही परीक्षा उन्हाळ्यात घ्यावी. जुलैत पास झालेलं व्होल्टेज मे महिन्यात नापास होऊ शकतं.

आणखी एक खोड मोडावी लागते. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणात पंधरा-वीस अंश उसळतो आणि पुन्हा बसतो. पंखा त्याच्या मागे धावला की घटकेत हुंकार, घटकेत निवांत. कान सततचा आवाज विसरतो, पण बदलत्या आवाजाकडे परत परत वळतो. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचा एवढा जडशीळ हीटसिंक काही एका सेकंदात तापत नाही, तेव्हा पंख्याला सांगायचं की बाबा, दहा सेकंद थांब आणि मग ठरव.

दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारायचा. मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते नको त्या वेगाने भणाणून बेअरिंगची वाट लागते. कूलरच्या ओलाव्याने आमच्याकडची धूळ थर होऊन बसते, नुसत्या फुंकरीने जात नाही. जुना रंगाचा ब्रश त्याला उत्तम.

एवढं केल्यावर शांततेचा हव्यास सुटतो. रात्री संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधली एखादी कॉइल किणकिणते ती ऐकू यायला लागते, मग फ्रीज, मग शेजारच्यांचा फ्रीज. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मुभा दिली आहे. आमची गल्ली लग्नसराईत त्या आकड्याला जुमानत नाही, पण एरवीही ती तिशीच्या खाली क्वचितच येत असेल. तिच्याहून शांत संगणकासाठी पैसे घालणं म्हणजे वरातीत कुजबुजणं. मी तिथे थांबलो.

थांबलो, म्हणजे भाचा येईपर्यंत. तो इंजिनीअरिंगला पुण्याला असतो, सुट्टीत इकडे. त्याला ग्राफिक्स कार्ड हवं. डोळा आरटीएक्स ५०९०वर, जे ५७५ वॉट खातं, म्हणजे आमच्या कूलरच्या मोटरीहून कितीतरी जास्त. खिशात ५०७०चे पैसे, तेही २५० वॉटचं. मी त्याला समजावलं की कार्डाला विजेची मर्यादा घालता येते, वॉट बरेच वाचतात आणि वेग थोडाच जातो.

“थोडा म्हणजे किती, मामा?”

“तुला खेळताना कळणार नाही इतका. मार्च ते जून मर्यादा राहील. जानेवारीत काढू, खोलीही गरम होईल.”

त्याने बराच वेळ घासाघीस केली. मे महिन्यात परीक्षा संपते आणि खेळायला वेळ तेव्हाच असतो, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी तोडगा असा निघाला की कूलर चालू असेल तोवर कार्ड मोकळं, कूलर बंद झाला की मर्यादा. काका पुढच्या खोलीतून हे सगळं ऐकत होते.

“अरे, त्याच्या पंख्याले पाती किती?”

भाच्याने मोबाइलवर कार्डाचा फोटो बोटांनी मोठा केला आणि मोजायला लागला.