अलविदा जुम्मा आणि बालवाडीचा निरोप

2025 सालच्या मार्चची 28 तारीख. सत्ताविसावा रोजा. त्यात रमजानचा शेवटचा शुक्रवार, म्हणून अलविदा जुम्मा. आदली रात्र शबे-कद्रच्या जागरणात गेलेली. आणि सकाळी नऊ वाजता आमच्या मिरजेतल्या दोन खोल्यांच्या बालवाडीत मोठ्या गटातल्या चोवीस मुलांचा निरोप. डोळे चुरचुरत होते, पण मुलांसमोर जांभई देऊन चालत नाही. एकाला दिसली की चोवीसजण देतात.

बालवाडीचं वर्ष संपतं तेव्हा मोठ्यांना वाटतं, यांना कसला आलाय निरोप! पण कामं पुष्कळ असतात. वर्षभराची चित्रं फायलीत लावायची. काळ्या कार्डपेपरच्या पदवीच्या टोप्या करायच्या. त्या प्रत्येकाच्या कानावर बसतात. क्रेप कागदाच्या पताका लावायच्या. आणि उंची मोजायची. जूनमध्ये प्रत्येकाला भिंतीला उभं करून डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण केलेली असते. मार्चमध्ये पुन्हा तिथेच उभं करायचं. चार बोटं, पाच बोटं. मधली जागा बघून मुलं इतकी खूष होतात, जणू ती उंची त्यांनी स्वतः मेहनत करून कमावली आहे.

त्या वर्षी मी ठशांचं कार्ड थोडं वेगळं केलं. तोवर दरवर्षी पोस्टर कलरमध्ये हात बुडवून प्रत्येकाचा एक ठसा घ्यायचे. या वेळी म्हटलं, एका कार्डावर दोन हात. एक आपला, एक दोस्ताचा. दोस्त ज्याने त्याने निवडायचा.

एक मुलगा आहे, त्याचे दादा तंबोऱ्याच्या भोपळ्यांचं काम करतात. घरी दखनी बोलतो, वर्गात मराठी, आणि चिडला की दोन्ही. त्याने विचार न करता शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीचा हात धरून रंगाच्या ताटलीत दाबला. वर्षभर दोघं एकाच पट्टीवर बसले. तिला बूट घालता यायचे नाहीत, याला डब्याचं झाकण उघडायचं नाही. तेवढ्या देवाणघेवाणीवर दोस्ती पक्की झालेली.

डबे उघडले तेव्हा ती शिऱ्याचा घास घेऊन माझ्याकडे आली. "टीचर, आ करा." मी काही बोलायच्या आत हाच म्हणाला, "अगं, टीचरचा रोजा आहे. तुझ्या आईचा चतुर्थीचा असतो ना, तसाच. पण पाणीपण नाय." तिने थोडा विचार केला आणि घास त्याच्या तोंडात घातला. धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासावर मी व्याख्यानं ऐकली आहेत. एवढ्या थोडक्यात कुणी आटोपलेलं नाही.

हात धुताना त्याने विचारलं, "टीचर, पहिलीत पण ही माझ्या बाजूलाच बसणार ना?"

मी नळ बंद करण्यात गुंतल्यासारखं केलं.

कारण मला माहीत होतं. तो जाणार होता गल्लीतल्या उर्दू शाळेत, ती मराठी शाळेत. 2009 च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून दिला. आमच्याकडे वेगळं होणंही सहाव्या वर्षीच सुरू होतं. कुणी भांडत नाही, कुणी हाकलत नाही. फक्त माध्यम बदलतं, आणि मग बाक, खेळ, गॅदरिंग, सहल सगळं वेगवेगळं. ज्यांच्या खिशाला परवडतं ते दोन्हीकडचे इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतात. म्हणजे ही वाटणी एकट्या धर्माची नाही, पैशाचीही आहे. बालवाडीतल्या त्या एका सतरंजीवर सगळे एकत्र बसलेले असतात, बहुतेकांच्या आयुष्यात शेवटचे.

कार्यक्रम संपल्यावर त्याची अम्मी थांबली. आमच्याकडे हिंदू आया मला 'बाई' म्हणतात, मुसलमान 'आपा'. ती म्हणाली, "आपा, अजून नाव घातलं नाही. उर्दूत घालू की मराठीत? तुम्ही सांगाल तसं करते."

असा प्रश्न आला की मला माझे अब्बा आठवतात. त्यांनी मला मराठी शाळेत घातलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरगी हातची जाईल. मी हातची गेले नाही. मराठीने मला नोकरी दिली, मैत्रिणी दिल्या, हे लिहिण्याची भाषा दिली. पण अब्बा गेल्यावर त्यांच्या पेटीत उर्दूतली एक वही सापडली. कुराण मी वाचते, अक्षरं ओळखते, पण त्यांचं घाईचं, नुक्ते गाळलेलं उर्दू मला लागेना. माझ्या बापाच्या मनातलं मी शेजारच्या मौलानांकडून वाचून घेतलं. काही पानांवर ते अडखळले, बहुधा मुद्दाम. ती पानं मला आजही माहीत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला लाज वाटते. माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. मग मी त्या बाईला कुठल्या तोंडाने सल्ला देणार?

मी तिला जे खरं होतं तेच सांगितलं. मराठी शाळेत गेला तर उर्दू घरी शिकवावी लागेल, आणि 'नंतर शिकवू' म्हटलं की राहून जातं. उर्दूत गेला तर तिथे मराठी विषय असतो, पण बोलायला दोस्त लागतात, ते तुम्हाला शोधून आणावे लागतील. फुकट काहीच नाही. मग तिच्या हातातलं कार्ड घेतलं, मागे दोन वेण्यांच्या मुलीच्या आईचा फोन नंबर लिहिला, त्या आईला विचारूनच. तिच्याही कार्डामागे हिचा लिहिला.

त्या वर्षी 30 मार्चला पाडवा आला आणि 31 ला ईद. ईदच्या संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. मुलाच्या डोक्यावर नवी टोपी, गळ्यात साखरेची गाठी. शेजारी ती, हातात शीरखुर्म्याची वाटी, तोंडाभोवती मिशी. पाडव्याची उरलेली गाठी घेऊन ती वडिलांबरोबर स्कूटरवरून आली होती.

फोटो पाहून मला रडू आलं, पण त्याने काही सुटलं असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये तो उर्दू शाळेत गेला. गल्लीतली शाळा, मोठी बहीण तिथेच, आईला सोडा-आणायला सोपं. तिचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्याची शाळा सकाळची, तिची दुपारची. सुट्टी तेवढी रविवारी दोघांनाही असते.

आपल्याकडे चार वर्षं, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्ला करतात. कुराण पुरं झालं की आमीन. सुरुवातीचा समारंभ आहे, शेवटचाही आहे. मधे मूल कुणाच्या शेजारी बसून शिकतं, त्यासाठी मात्र काही रीत नाही. ती आपणच पाडायला हवी.

मे महिन्यात भिंतीला चुना दिला. नीट पाहिलं तर खालून खुणा अजून दिसतात. जूनमध्ये त्यांवरच नव्या केल्या. आता मी दरवर्षी दोन हातांचंच कार्ड करते, आणि मागे नंबर लिहिते.