घाटकोपरची अक्षरे किती?

‘घाटकोपर’ या नावात अक्षरे किती, असे मराठीच्या वर्गात विचारले तर पाच हे उत्तर येते : घा, ट, को, प, र. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हे होतात, कारण काना आणि ओकार तेथे वेगळे मोजले जातात. यंत्राच्या स्मृतीत, यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने, हेच नाव २१ बाइट जागा घेते. आणि सी भाषेतील स्ट्रिंग म्हणून ठेवायचे तर २२. चारही उत्तरे बरोबर आहेत. भाषेच्या अध्यापकाने विचार करावा तो त्यांच्यातील अंतराचा.

हा विचार माझ्यापुढे आला तो आमच्याच महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्सच्या एका विद्यार्थ्यामुळे. प्रदर्शनासाठी त्याने आर्डुइनो उनोवर मध्य रेल्वेच्या जलद गाडीचा फलक केला होता. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे अशी नावे संगणकाच्या पडद्यावर उमटायची होती. “मॅडम, बाकीची नीट येतात, घाटकोपरच फुटतं. शुद्धलेखन चुकलंय का?” शुद्धलेखन बिनचूक होते. पडद्यावर मात्र ‘घाटकोप’, मग एक भग्न चिन्ह आणि त्याला चिकटून ‘भांडुप’ असे दिसत होते.

कॅरॅक्टर अ‍ॅरे म्हणजे चाळीतल्यासारख्या एका रांगेत लागून असलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक बाइट. शब्द कोठे संपला हे कळावे म्हणून शेवटच्या खोलीत शून्य ठेवतात. या शून्याला उच्चार नाही, पण जागा लागते. विद्यार्थ्याने प्रत्येक नावाला २० खोल्या दिल्या होत्या. भांडुप आणि मुलुंड यांना प्रत्येकी १८ व शून्याची एक अशा १९ पुरल्या. घाटकोपरची नक्कल २० बाइटांवर तोडली गेली. ‘र’चे तीनांपैकी दोनच बाइट आत आले आणि शून्याला जागाच उरली नाही. वाचणारे यंत्र शून्य शोधत भिंत ओलांडून शेजारच्या बिऱ्हाडात शिरले.

उपाय निघाला पॉइंटरचा. पॉइंटरमध्ये नाव नसते, नावाच्या पहिल्या खोलीचा पत्ता असतो. उनोवर असा पत्ता दोन बाइटांत मावतो. नावांना त्यांच्या लांबीइतकीच जागा द्यायची आणि फलकाकडे फक्त पत्ते ठेवायचे, म्हणजे कोणाचे शेपूट तुटत नाही. उनोची कार्यस्मृती अवघी २,०४८ बाइटांची असल्याने ही काटकसर चैनीची नव्हे. पण पत्त्याला शब्दाचा आरंभच ठाऊक असतो, शेवट नाही. आणि हा पत्ता एकाने पुढे सरकवला तर आपण ‘घ’ वरून ‘ा’ वर जात नाही, ‘घ’च्याच दुसऱ्या तुकड्यावर जातो.

सी भाषेत या तुकड्याला ‘कॅरॅक्टर’ म्हणतात. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली, तेव्हा इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये सुखाने राहत होते. नाव पडले ते त्या परिस्थितीत. परिस्थिती बदलली तरी नाव राहिले. शब्दार्थाच्या इतिहासात असे नेहमीच घडते. फरक इतकाच की, येथे जुन्या अर्थावर विसंबणाऱ्याचे ‘र’ तुटते. जे क्षर होत नाही ते अक्षर, ही आपली व्युत्पत्ती येथे कामाला येत नाही.

हा केवळ अभियंत्यांचा विषय आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे व्याकरणाच्या तासाचे आवडते उदाहरण घ्या. दुसऱ्या शब्दातील र युनिकोडमध्ये पहिल्यातील रच्या लगतच्या क्रमांकावर आहे. यूटीएफ-८मध्ये दोहोंत फक्त एका बिटाचा फरक पडतो. गुरुजन आणि स्वयंपाकी यांच्यामध्ये एवढीच भिंत आहे. ती तेथे हवी, हे मराठी जाणणाऱ्याखेरीज कोण सांगणार?

असे सांगणारी माणसे आपल्याच उपनगरांत होती. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत. पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी संगणकासाठी देवनागरीचे काम केले. विंडोजमधील ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. लेखणीच्या वळणाची जाण असलेला माणूस यंत्रापाशी बसला, त्याचे हे फळ. २००८ साली ते गेले. मराठीच्या अभ्यासक्रमात त्यांच्या कामासाठी आपण किती तास ठेवले आहेत?

हल्ली प्रथम वर्षाच्या वर्गात वर्णविचार शिकवताना मी फळ्यावर पाच, सात, एकवीस, बावीस हे आकडे लिहिते आणि मुलांना त्यांचा अर्थ लावायला सांगते. वाङ्मयाच्या मुलांना आरंभी हे परके वाटते. मग कोणीतरी स्वतःच्या नावाचे बाइट मोजू लागते. अर्जावर, तिकिटावर, ओळखपत्रावर त्या नावासाठी किती खोल्या राखायच्या हे कोठेतरी कोणीतरी ठरवत असते. ते ठरवताना ‘घा’ हे एक अक्षर आहे हे ठाऊक असलेला माणूस तेथे असावा, आणि त्याला पॉइंटरही कळत असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.