पहिली-दुसरीची साहसं

२० जून

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, म्हणून आज दोघांना मिळून गोष्ट सांगितली. म्हातारी आणि भोपळा. ही गोष्ट आपण बालवाडीची म्हणून भरभर उरकतो, पण नीट पाहिलं तर ती अस्सल साहसकथा आहे. रानातून एकटीचा प्रवास, समोर जिवावर उठलेला वाघ, हातात कसलंही शस्त्र नाही. म्हातारीजवळ फक्त तोंडातले शब्द आणि परतीच्या वाटेची आधीच लढवलेली युक्ती. सहा वर्षांच्या मुलाजवळ तरी आणखी काय असतं?

वाघ आला तसा मागून आवाज आला, "बाई, आमच्या उसात बिबट्या हाये." जुन्नर तालुक्यात हे वाक्य कुणीही थापेचं मानत नाही. मग गोष्ट बाजूला राहिली. कुणाचं कुत्रं नेलेलं, कुणाची शेळी, कुणाच्या चुलत्यानं मोटारसायकलवरून पाहिलेला. ठाकरवाडीची एक मुलगी एरवी हजेरीलाही मान हलवते. ती आज उभी राहून बोलली. वीज रात्रीची येते, तेव्हा बाप बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि आई आतून कडी लावून त्याची वाट बघत जागी बसते. एवढं सगळं ती सलग, न अडखळता बोलली. भाषेच्या तासाला याहून जास्त मला काहीच नको होतं.

२५ जून

शेजारच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, आधीच घाबरलेल्या पोरांना वाघाच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण भीती मुलांकडे आधीपासून आहे, ती गोष्टीनं आणलेली नाही. गोष्ट त्या भीतीला सुरुवात आणि शेवट देते. म्हातारी घरी पोचते, हे मुलांना पुन्हापुन्हा ऐकायचं असतं.

मात्र गोष्टीतला वाघ आणि उसातला बिबट्या यांची गल्लत होऊ द्यायची नाही. वनखात्याची माणसं सांगतात तेच मी वर्गात सांगितलं. अंधार पडल्यावर एकटं बाहेर जायचं नाही, शेतात वाकून-बसून राहायचं नाही, चालताना मोठ्यानं बोलत जायचं. दुसरीतल्या एकानं ते एका वाक्यात आणलं, "गोष्टीतला बोलतो, आपला बोलत नाय." मला हेच हवं होतं.

८ जुलै

पॅट हचिन्स यांचं रोझी नावाच्या कोंबडीचं चित्रपुस्तक एका मैत्रिणीनं दिलं. १९६८ सालचं. सगळ्या पुस्तकात मिळून इंग्रजी शब्द फक्त ३२, आणि त्यांत कोल्ह्याचं नाव एकदाही नाही. शब्द सांगतात ते इतकंच की कोंबडी शेतावर फिरायला निघाली आणि जेवणाच्या वेळेला परत आली. कोल्हा आहे तो चित्रांत, पान उलटलं की तिच्या मागं.

मी मराठीत सांगत गेले, तेही फक्त कोंबडीपुरतं. दुसऱ्या पानाला आरडाओरडा सुरू झाला, "बाई, मागं बघा मागं!" मी गप्प राहिले. मग कोल्ह्याची बाजू पोरांनीच सांगायला घेतली. दाताळ्यावर पाय पडला आणि दांडा थोबाडावर आला. तळ्यात पडला. वरून पिठाची गोण फुटली. शेवटी मधमाश्या. दाताळं, गोण, गंजी, हे शब्द मला सांगावे लागले नाहीत, सगळ्यांच्या घरी आहेत. बाराखडीत अजून अडखळणारी पहिलीची मुलंही चित्रावरून कारण ओळखत होती आणि पुढं काय होणार ते सांगत होती. "आता पडल बघ," असं म्हणताना मूल पुढचा अंदाज बांधतं. वाचनातलं अर्धं काम तेच आहे आणि अक्षरओळख पुरी व्हायच्या आधीच ते सुरू होऊ शकतं.

आणखी एक. म्हातारी काय, रोझी काय, दोन्ही साहसं बायांची. भोपळ्याच्या गोष्टीचं नाटक करताना मुलींनी म्हातारीच्या कामासाठी भांडणं केली. मोठ्या मुलांसाठीच्या आपल्या साहसकथांत बहुतेक वेळा मुलगाच पुढं असतो. ते बदलायला हवं.

२२ जुलै

बाहेर मुसळधार पाऊस. खोलीतल्या फरशीवर खडूनं म्हातारीची वाट काढली: घर, ओढा, रान, लेकीचं घर. ओढा मुलांनी घातला, गोष्टीत नाही. पण इथं पावसाळ्यात ओढा ओलांडल्याशिवाय शाळाच गाठता येत नाही, मग तो हवाच. प्रत्येक ठिकाणी शब्दाची पट्टी ठेवली. "म्हातारी" मधला म्ह दुसरीलाही जड जातो. सुट्टा फळ्यावर लिहिला तर तोंडं पाडतात. आज ती पट्टी वाचल्याशिवाय खेळ पुढं जाईना, तर तिघांनी मिळून वाचला.

गोष्ट चालू असताना मी प्रश्न विचारत नाही. संपल्यावर तात्पर्यही विचारत नाही. "यातून काय शिकलात?" म्हटलं की मुलं लगेच शहाण्यासारखी बसतात आणि "खोटं बोलू नये" म्हणतात. या गोष्टीत तर म्हातारी वाघाला चक्क फसवते! मुलांना आवडतं तेही तेच.

७ ऑगस्ट

दुसरीसाठी फास्टर फेणे काढला. भा. रा. भागवतांनी तो लिहिला थोड्या मोठ्या मुलांसाठी. सात वर्षांच्या मुलाला ती पानं स्वतः वाचणं झेपत नाही, म्हणून रोज शेवटची पंधरा मिनिटं मी तोंडी सांगते. फुरसुंगीचा बनेश, पुण्यातली शाळा, सायकल आणि तोंडातलं ते "ट्टॉक". फुरसुंगी आपल्याच जिल्ह्यात, हे ऐकून मुलं चकित झाली. राम वाईरकरांनी काढलेला तो काटकुळा पोरगा पाहायला पुस्तक हातोहात फिरलं.

थांबायचं कुठं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. संकट आलं आहे आणि सुटका दिसत नाही, बरोबर तिथं. आज घंटा झाल्यावर दोघं पुस्तक घेऊन खिडकीत बसले. जोडाक्षरं सोडत, बोट फिरवत त्यांनी पुढची अर्धी ओळ काढली. अर्धीच, पण कुणी सांगितलेली नव्हती.

२० ऑगस्ट

गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' पुन्हा चाळलं. त्यातला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला गोष्टीनं बांधतो आणि मग त्यातूनच वर्गाचं वाचनालय उभं करतो. गोष्ट आधी, वाचन तिच्या मागून. हा क्रम पहिली-दुसरीला तर आणखीच लागू पडतो.

११ सप्टेंबर

ठाकरवाडीच्या त्या मुलीनं गोष्ट सांगितली, मी तिच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. एका पानाला एक वाक्य. बाप दारं धरायला गेला. उसात खसखस झाली. बापानं मोठ्यानं गाणं म्हटलं. ते डुक्कर व्हतं. "होतं" असं करायचा मोह मी टाळला. चित्रं तिची. पुस्तक दोऱ्याला अडकवलं आणि मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं ते वाचून गेली, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या कानावरचा होता.

बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे, पण ते आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येईल अशी मराठी साहसकथा, मोठ्या अक्षरांची, पानाला एक वाक्य, खरा धोका असलेली आणि शेवटी तात्पर्य नसलेली, शोधायला गेलं तर फार थोडी हाती लागते. पुढच्या शिक्षण परिषदेत मी हेच मांडणार आहे. केंद्रातल्या प्रत्येक शाळेनं मुलांच्या तोंडून आलेली एकेक साहसकथा पुस्तक करून आणावी आणि आपण ती पुस्तकं आपसात फिरवावीत. लिहिणाऱ्यांना आणि प्रकाशकांनाही हात जोडून सांगणं आहे, या वयासाठी लिहा.