पुरवणी

आमच्या कचेरीत नवे संगणक आले ते मार्च महिन्यात. हे वाक्य वाचून आपणांस हसू आले असेल, तर आपणही केंद्र सरकारचेच चाकर आहात, हे आम्ही ओळखले. वर्षभर ज्या खरेदीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असते, ती खरेदी मंजूर रक्कम परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये अकस्मात पुरी होते. आणि ज्या दिवसांत कारकुनाला मान वर करावयास सवड नसते, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या हातातले हत्यार काढून घेऊन नवे दिले जाते. आमच्या जुन्या यंत्रांवर एक्सेलची २०१० सालची आवृत्ती होती. तिची देखभाल कंपनीने १३ ऑक्टोबर २०२० रोजी थांबविली, तरी आमच्याकडे ती पुढेही बिनतक्रार नांदत होती. एका दुपारी कंत्राटदाराची दोन मुले आली, त्यांनी जुनी यंत्रे उचलून जिन्याखाली रचली, नवी मांडली, आणि चहा घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही देयकांची नोंदवही उघडली. आकड्यांचा रकाना जागच्या जागी होता. शेजारच्या, रक्कम अक्षरी लिहिण्याच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच मजकूर उमटला होता : 'नेम' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. नऊशेच्या वर ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळ जणू विचारीत होती, की हे नाव कोणाचे? आम्ही अशा कोणाला ओळखत नाही.

येथे थोडे मागे जावयास हवे. मंजुरीचा आदेश निघतो तेव्हा रक्कम नुसती आकड्यांत लिहून भागत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. आकड्यात एखादे शून्य घुसडणे सोपे, शब्दात ते कठीण. हुंड्या-धनादेशांच्या १८८१ च्या कायद्यात तर आकडा आणि अक्षर यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कमच खरी धरावी, असे सांगितले आहे. शेवटी 'फक्त' लिहावयाचे, ते दाराला कडी घालावी तसे. गंमत अशी, की एवढा बहुश्रुत एक्सेल आकड्याचे शब्द करून देत नाही. थाई भाषेपुरते मात्र देतो. बँकॉकच्या कारकुनाने 'बाहटटेक्स्ट' हे सूत्र लिहिले, की रक्कम थाई अक्षरांत हजर होते. हे भाग्य त्याच्याच वाट्याला का आले, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडलेले नाही. कंपनीने इतरांसाठी नमुना म्हणून एक छोटी आज्ञावली दिली आहे, पण ती तीन-तीन अंकांचे गट पाडते आणि हजारावरून थेट मिलियनवर उडी घेते. लाख तिला ठाऊक नाही, कोटी नाही. आपल्याकडे शेवटचे तीन अंक सोडले, की पुढे दोन-दोनांची जोडी चालते. ही जोडी लावून देणारा कोणी तरी लागतो, आणि तो जे लिहितो ते एक्सेलला बाहेरून जोडावे लागते. त्याला ॲड-इन म्हणतात. आम्ही पुरवणी म्हणतो. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली, की पर्यवेक्षकाकडून पुरवणी मागून घेऊन आपण ती दोऱ्याने बांधीत असू, तशी ही पुरवणी. दोरा सुटला, तर आतले उत्तर कितीही बरोबर असो, ते कोणाचे हे परीक्षकाला कळावे कसे?

आमच्या नोंदवहीची पुरवणी काकांनी बांधली होती. काका म्हणजे आमच्या खुर्चीवर आमच्या आधी बसणारे गृहस्थ. मूळचे वाईजवळच्या एका खेड्यातले. नोकरीची शेवटची अठरा वर्षे त्यांनी शिलाँगात काढली. सारी कचेरी त्यांना काका म्हणे. बंगाली सहकाऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ कळे, बाकीच्यांना ते त्यांचे आडनाव वाटे. आम्ही कऱ्हाडकडून येऊन येथे रुजू झालो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीस आठ महिने उरले होते. एकदा त्यांनी आम्हांला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, "ही पुरवणी कशी बांधलीय, तेवढं बघून ठेव. मी गेल्यावर कुणाला विचारशील?" आम्ही पदवीधर, घरी स्वतःचा लॅपटॉप बाळगणारे. म्हाताऱ्या माणसाचे खेळणे, अशी मनातल्या मनात नोंद केली आणि "हो, बघतो ना काका" असे म्हणून चहाला उठलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिले काही दिवस आम्ही रक्कम हातानेच अक्षरी लिहिली. त्यात अवघड ते काय, असे आम्हांला वाटले. आमच्याकडे रात्रपाळीला एक वयस्क खासी पहारेकरी आहेत. येथे पुरुषाला आदराने 'बाह' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना बाह म्हणतो. त्यांच्या पत्नीची गुवाहाटीला शस्त्रक्रिया झाली होती. पैसे मेव्हण्याकडून उसने आणलेले. वैद्यकीय परताव्याची १,१२,४६० रुपयांची मंजुरी आमच्या हातून जावयाची होती. आम्ही आकडा बिनचूक घातला, आणि अक्षरांत लिहिले, 'एक लाख दोन हजार चारशे साठ फक्त'. एकदा वाचले, पुन्हा वाचले, वरिष्ठांची सही घेतली. २५ मार्चला लेखा कार्यालयाकडून आदेश परत आला. शेरा एका ओळीचा होता, आणि तो बरोबर होता.

३१ तारखेच्या आत सुधारलेला आदेश गेला नाही, तर त्या शीर्षाखालची रक्कम गेली. मग नव्या वर्षाची तरतूद येईपर्यंत मेव्हण्याने थांबावे. संध्याकाळी पाळीवर येताना बाह आमच्या टेबलाशी उभे राहिले. "बाबू, माझ्या कागदांत काही कमी आहे का?" असे त्यांनी हिंदीत विचारले. त्यांच्या कागदांत काहीच कमी नव्हते, आणि आम्ही तसे सांगितले. चूक कोणाची, हे मात्र आमच्या तोंडून निघाले नाही.

तो एक आदेश आम्ही तासाभरात हातानेच नव्याने लिहून सहीला ठेवला होता. परंतु त्याच्यामागे आणखी चाळीस आदेश उभे होते, आणि आमच्या हातावरचा आमचा विश्वास उडाला होता. दर 'बारा' लिहिताना तो 'दोन' तर नाही ना, म्हणून बोट ठेवून पाहू लागलो. अखेर सारे घरी गेल्यावर आम्ही पुरवणीच्या शोधाला लागलो.

जिन्याखालचे काकांचे यंत्र ओढून काढले आणि चालू केले. पुरवणी सापडली, पण सहजासहजी नव्हे. एक्सेल ती ज्या कप्प्यात ठेवतो, तो प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाचा स्वतंत्र असतो आणि वर लपविलेला असतो. आमच्याकडे पेन ड्राइव्ह लावण्यास बंदी. म्हणून ती फाइल आम्ही स्वतःलाच ई-मेलने पाठविली आणि नव्या यंत्रावर उतरवून घेतली. मग एक्सेलच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन ॲड-इन्सची यादी उघडली, फाइल दाखविली, नावापुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली. रकान्यात 'नेम' आणि प्रश्नचिन्ह कायम. एक्सेल बंद करून पुन्हा उघडले. खूण जागेवर, पुरवणीचा पत्ता नाही. हाच उद्योग आम्ही आणखी तीन वेळा केला. तीच गोष्ट तशीच पुन्हा केल्याने निराळे फळ मिळेल, ही श्रद्धा सरकारी नोकरीत अंगी बाणते.

शेवटी कंत्राटदाराच्या मुलाला फोन लावला. तो जेवत होता, पण भला मुलगा. म्हणाला, फाइलवर उजवी टिचकी मारा, 'प्रॉपर्टीज' उघडा, खाली 'अनब्लॉक' असे दिसेल, त्याला खूण करा. दिसले! ई-मेलने वा इंटरनेटवरून आलेल्या प्रत्येक फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारून ठेवते, की ही बाहेरची आहे. एक्सेल तो शिक्का पाहतो, पुरवणीला यादीत बसू देतो, आणि मुकाट्याने बाहेर ठेवतो. भांडत नाही, कारणही सांगत नाही. आम्ही येथे रुजू झालो त्या दिवशी हजेरीपटावर आमचे नाव होते, पण पहिले तीन आठवडे आमच्याकडे एकही फाइल आली नव्हती, त्याची या ठिकाणी आठवण झाली. आपणांपैकी पुष्कळांना असाच अनुभव असेल.

शिक्का निघाला आणि एक्सेल प्रथमच बोलला. बोलला ते असे, की यातील आज्ञावली ६४ बिटांच्या व्यवस्थेसाठी सुधारावयास हवी. आमची जुनी आवृत्ती ३२ बिटांची होती. २०१९ च्या आवृत्तीपासून मुद्दाम निराळे सांगितले नाही, तर ६४ बिटांचीच बसते. आणि पुरवणीत विंडोजच्या पोटातले एखादे काम परस्पर बोलावून घेणारी एक जरी ओळ जुन्या धर्तीची असली, तरी ती सबंध पुरवणी अडून बसते. ती ओळ पाहावी, तर आत जाण्याचा दरवाजा बंद. काकांनी सांकेतिक शब्द घातला होता.

रात्रीचे साडेआठ झाले होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन दिवाळ्यांना आम्ही काकांना शुभेच्छा पाठविल्या होत्या; पुढे तेही राहिले. फोन काकूंनी घेतला. "शिलाँगहून? अहो, शिलाँगचा फोन आहे!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता, की आमची मान खाली गेली. काका आले, आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच म्हणाले, "काय रे, पुरवणी सुटली ना?"

आम्ही सारे सांगितले. बाहंच्या आदेशातली चूकही सांगितली. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून घे. इंग्रजीत 'मुक्काम', आणि पुढे सातशे चाळीस. मधे जागा सोडू नकोस. पहिलं अक्षर मोठं." आम्ही घातले, दरवाजा उघडला. सातशे चाळीस कशाचे, असे विचारल्यावर ते हसले. वाईहून त्यांच्या गावची मुक्कामी एस.टी. सात चाळीसला सुटे. ती चुकली, की रात्र स्टँडवर. "कधी कधी काही काम नसतानाही आत जाऊन बसायचो रे. तेवढं टाइप केलं, की गाडी मिळाल्यासारखं वाटायचं." (सांकेतिक शब्द छापणे योग्य नव्हे, हे आम्ही जाणतो. आम्ही तो बदलला आहे. आता तेथे कऱ्हाडच्या एका गाडीची वेळ आहे. यापेक्षा अधिक सांगणार नाही.)

आत काय पाहिले, ते कसे सांगावे? आज्ञावलीच्या ओळी इंग्रजी होत्या, पण दर दहा-बारा ओळींमागे काकांनी स्वतःसाठी टिपणे लिहिली होती, आणि ती मराठीत होती. त्या संपादकात देवनागरी उमटत नाही, प्रश्नचिन्हांची रांग तेवढी होते. म्हणून रोमन लिपीत, आपण मोबाइलवर लिहितो तसे. 'येथे शतकाचा एक अंक, बाकी सारी जोडी-जोडीने.' 'शून्य पैसे असतील तर पैशांचे नाव काढू नये.' 'कोटीच्या वरची रक्कम या कचेरीत येणार नाही, तरी सोय असावी.' आणि एके ठिकाणी : 'येथे घंटा. दिवसाची बेरीज जुळली नाही तर वाजेल. साहेब दचकतात. वाजू द्यावी.' अख्ख्या कचेरीत ही अक्षरे वाचू शकणारा माणूस एकच, आणि त्याला ती वाचावयास पाच वर्षे लागली.

अडणारी ओळ हीच, घंटेची. ध्वनी वाजविण्याचे विंडोजचे काम ती परस्पर बोलावीत होती. कंत्राटदाराच्या मुलाने पुन्हा फोनवर सांगितले, की ती ओळ काढून टाका, घंटेवाचून तुमचे काय अडते? सल्ला व्यवहारी होता, आणि खोटे कशाला बोला, आमचा हात त्या ओळीवर गेलाही होता. मग काकांनीच सांगितले, की 'डिक्लेअर' या शब्दापुढे 'पीटीआरसेफ' एवढा एकच शब्द घाल. ही घंटा साधी आहे, तिला बाकी काही लागत नाही. घरबसल्या हे त्यांनी केव्हा वाचून ठेवले होते, कोण जाणे. शब्द घातला, जतन केले, एक्सेल पुन्हा उघडले.

तरीही जुन्या ओळींत 'नेम' तसाच! हे शेवटचे कोडे मात्र आमचे आम्हीच सोडविले. जुन्या सूत्रांच्या आत पुरवणीचा पूर्वीचा पत्ता लिहिलेला होता, आणि त्या पत्त्यात काकांचे नाव होते. त्या नावाचा कप्पा नव्या यंत्रावर नाही. मग पत्र पोहोचणार कोठे? 'एडिट लिंक्स'मध्ये जाऊन नवा पत्ता दिला. नऊशेच्या वर ओळींतून काकांचे नाव एका क्षणात गेले, आणि त्याच क्षणी सारा रकाना अक्षरांनी भरून आला. बाहंच्या ओळीत एक लाख बारा हजार चारशे साठ होते. 'बारा' आम्ही दोनदा वाचले.

चाळीसही आदेश २८ मार्चपर्यंत गेले; बाहंचे पैसे ३० तारखेस जमा झाले. त्यांना आम्ही मुद्दाम थांबून सांगितले, की तो आदेश परत आला तो आमच्या चुकीने. "ठाऊक होते, बाबू," ते म्हणाले, "शेरा मीही वाचला होता."

त्याच रात्री काकांना फोन केला. सारे जुळल्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मग जरा थांबून विचारले, "घंटा वाजते का रे?" आम्ही नोंदवहीत मुद्दाम एक रुपया चुकीचा घातला आणि फोन यंत्राच्या तोंडाशी धरला. घंटा वाजली.

"हं," काका म्हणाले, "आवाज बारीक झालाय. पुन्हा एकदा वाजव, हिला ऐकायचीय."