केडगावची पंडिता

रमाबाई, तुमच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण कलकत्त्यापाशीच थांबतात. साल १८७८, वीस वर्षांची मुलगी, अख्खे भागवत मुखोद्गत, समोर थक्क झालेले शास्त्री, आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या. जे आणखी पुढे जातात ते १८८३ साली इंग्लंडातल्या वाँटेज गावी अडखळतात. तिथे तुम्ही लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतलात. त्यानंतर आपल्याकडे फक्त वाद उरतो. केसरीने काय लिहिले, विधवा मुलींसाठी तुम्ही काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर कसे बाहेर पडले, आगरकर कसे पाठीशी राहिले, हेच आम्ही उगाळत बसतो आणि त्या गलक्यात तुम्ही हरवता. केडगावपर्यंत फार थोडे पोचतात. मला मात्र तुमचा शोक करायचा आहे तो तिथेच.

पुणे–दौंड लोहमार्गावरचे साधे ठाणे, भोवती माळरान. तिथे तुम्ही विहिरी खणल्यात, शेती केलीत. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणल्यात, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्यात. ‘मुक्ती’ नावाच्या तुमच्या त्या वस्तीत तेलाचा घाणा होता, माग होते, गोठा होता. आणि छापखाना होता.

या छापखान्याशी मन अडते. खिळ्यांच्या पेटीपुढे उभी असलेली एक जुळारीण डोळ्यांपुढे येते. कालपरवापर्यंत तिला अक्षर ठाऊक नव्हते. आता ती उलटी अक्षरे वाचते. काना इथून, वेलांटी तिथून, जोडाक्षराचा खिळा वेगळ्या घरातून, रफार आणखी कुठून. बोटांना शाई, नखांत शिशाची काळी कड. ओळ भरली की ती ठोकून बसवायची, पान बांधायचे, मुद्रित काढायचे, आणि ते मुद्रित तुमच्या मेजावर यायचे. तुम्ही त्यावर खुणा करायच्या, की पुन्हा तीच ओळ मोडायची, पुन्हा जुळवायची. अशी बायबलची हजारो पाने. केवढे ओझे होते ते!

पन्नाशीच्या आसपास तुम्ही हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसलात. बायबलचे मराठी भाषांतर होते की. पण खेड्यातली, नुकतीच वाचायला शिकलेली बाई ते आपले आपण वाचील, तिला शेजारी पंडित लागणार नाही, असे मराठी तुम्हाला हवे होते. म्हणून मुळापासून सुरुवात. कानांनी तरुणपणीच दगा दिला होता, त्यापायी इंग्लंडात वैद्यकी शिकण्याचा बेत मोडला होता. मला वाटते, त्या वाढत्या बहिरेपणात तुमच्या सोबतीला राहिले ते छापील अक्षर.

आणि अक्षर तुमच्याकडे कसे आले होते? आईच्या तोंडून. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी जगाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते पहाटेच्या अंधारात तुम्हाला झोपेतून उठवून शिकवले. पुराण सांगत, तीर्थे पालथी घालत हिंडणारे ते बिऱ्हाड दक्षिणेतल्या दुष्काळात उपाशी पडले. काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या तुम्ही. उंची बेताची, खांदा पोचेना, म्हणून आपल्या वाट्याचा भार तुम्ही डोक्यावर घेतलात आणि तशाच लांबच्या मसणापर्यंत चालत गेलात.

ही हकीकत तुम्हीच लिहून ठेवली आहे. ती वाचली की दुष्काळातल्या मुली शोधायला तुम्ही का धावलात हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. धर्म बदलल्याचा राग धरून बसलेल्यांनी निदान एवढे पान तरी वाचायचे होते. पुराणिकाची लेक शेवटपर्यंत पुराणिकाचीच लेक राहिली, असे मी मानते. ग्रंथ दुसरा झाला, ऐकणारा मात्र तोच, पारावर बसलेला, उपाशी, निरक्षर.

पुढे श्रीनिवास गेला. पती बिपिनबिहारी गेले, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच. उरली मनोरमा. तिने तुमची शाळा सांभाळली, तुमचा पत्रव्यवहार पाहिला. तुमच्यामागे मुक्ती तिच्याच हाती जायची होती. २४ जुलै १९२१ला तीही गेली, चाळिशीत. त्यानंतर तुम्ही नऊ महिनेसुद्धा जगला नाहीत. पण त्या महिन्यांतही मेजावर मुद्रिते येत होती आणि तुम्ही ती तपासत होता. पोटच्या लेकीच्या दुःखात कुठली आई आकडे आणि वंशावळ्यांनी भरलेल्या पानांवर ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसेल? तुम्ही बसलात. काम पुरे होईपर्यंत तुम्ही देवाकडे आयुष्य मागून घेतलेत, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ला तुम्ही गेलात.

एकट्या बाईने अख्खे बायबल मूळ भाषांवरून आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणे जगभर शोधूनही फार सापडणार नाहीत. मराठीत ते घडले, आणि मराठीने त्याची नोंदही धड ठेवली नाही. साहित्याच्या इतिहासाला ते धर्माचे पुस्तक वाटले. चर्चमध्येही उपासनेला बहुधा दुसरेच भाषांतर वाचले जाते. ज्यांच्यासाठी तुम्ही डोळे फोडून घेतलेत, त्यांच्यातल्या किती जणींच्या हाती तुमची पाने पडली असतील?

तुमच्यामागे दोन वर्षांनी, १९२४ साली, तो ग्रंथ पुरा छापून निघाला. तो पाहायला तुम्ही नव्हता, मनोरमाही नव्हती. जुळारणी होत्या. दुष्काळाने ज्यांना मरायला टाकले होते आणि तुम्ही ज्यांना वाचायला शिकवले होते, त्याच त्या. तुम्ही खूण केलेल्या शेवटच्या ओळी त्यांनीच मोडल्या आणि पुन्हा जुळवल्या.