पंकच्या शोधात लंडन

लंडनला गेलेले लोक राजवाडा पाहतात. आम्हा उभयतांना ४३०, किंग्ज रोड पाहायचे होते. तरुणपणी आम्हांला वेड लावणाऱ्या पंक संगीताचा वेश १९७०च्या दशकात व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लारेन यांच्या याच दुकानात घडला. दर्शनी घड्याळावर तेरा आकडे, काटे उलटे फिरणारे! आतील किमती मात्र सरळ वर चढणाऱ्या. फाटक्या सदऱ्याला सेफ्टी पिना टोचणाऱ्या बेकार पोरांचा संताप इतका महाग व्हावा? मन खट्टू झाले.

सायंकाळी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘१०० क्लब’च्या तळघरात उतरलो. सप्टेंबर १९७६ मध्ये येथे दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला होता. तेथे गाणे अजून जिवंत आहे. गुलाबी केसांच्या आजीबाईंनी हसून जागा दिली. कानांत कापूस घालून आम्ही खांबाशी उभे राहिलो.