साताऱ्याची एक पंगत

साताऱ्याला गेलं की कंदी पेढे घ्यायचे, अजिंक्यतारा चढायचा, सज्जनगडाचं दर्शन घ्यायचं, एवढं आपण करतोच. पण मैत्रिणींनो, मुलं बरोबर असतील तर थोडी वाट वाकडी करून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशीही जरूर जा.

भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. ज्या काळी कित्येक शाळांत अस्पृश्य मुलांना वर्गाबाहेर बसवत, त्या काळी इथे सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहत, हातानं कामं करत नि एकाच पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजी इथे आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

ही पंगत उठू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा! १९३० मध्ये त्या गेल्या.

मी शिकवते त्या वर्गातली मुलं नागरिकशास्त्राच्या पेपरात 'समता' घडाघडा लिहितात. पण मधल्या सुट्टीत डबे उघडले, की गट वेगवेगळे! 'कुणाच्या डब्यातलं खाऊ नकोस' हे काही पुस्तकात नसतं, ते घरून येतं.

डबा तर आपणच भरतो ना? मग दोन पोळ्या जास्त घालून 'वाटून खा' म्हणायला काय हरकत आहे?